लष्कराच्या भाकऱ्या : फॉकलंडच्या रणभूमीवरील एक फेरी



कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. चालकांनीही प्रथम तेच सुचविले होते. आम्ही मात्र एका लढाईवर बोलण्याचे ठरविले. आणि तीही अशी लढाई, की जी येथून फार दूर, दक्षिण अटलांटिक महासागरातल्या उजाड बेटांवर १९८२ साली झाली. आम्ही त्या बेटांवर गेलेलो नाही आणि जाण्याची ऐपतही नाही. आमची शाळा म्हणजे गोदीच्या दरवाजाबाहेरचा चहाचा ठेला आणि सार्वजनिक वाचनालयाचे टेबल. तेव्हा आजचा हा प्रवास आपण सर्वांनी मिळून पुस्तकांच्या आधारानेच करावयाचा आहे.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका बोटीमुळे. 'विराट' ही आपल्या आरमाराची विमानवाहू नौका आपल्यापैकी अनेकांनी मुंबई बंदरात पाहिली असेल. १९८७ साली ती भारतीय आरमारात दाखल झाली. त्यापूर्वी ती ब्रिटिश आरमारात होती, तिचे नाव 'हर्मिस' होते, आणि फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याची ती ध्वजनौका होती. तिच्यावर रंग खरवडण्याचे काम केलेला एक वयस्क कामगार आम्हांला एकदा म्हणाला, "भाऊ, ह्या बोटीनं मोठी लढाई बघितलीय म्हणतात. आम्ही आपला तिचा गंज बघितला." त्या दिवसापासून आम्ही ती लढाई वाचावयास घेतली. वाचता वाचता असे कळले, की त्या लढाईची स्थळे आता प्रवाशांना हिंडवून दाखवितात, त्यासाठी वाटाडे आहेत आणि ठरलेल्या फेऱ्या आहेत.

रणभूमी पाहावयास जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली आणि थोड्याच दिवसांत लोक ते माळरान पाहावयास जाऊ लागले. परंतु अशा ठिकाणी वाटाड्या काय दाखवितो आणि काय दाखवीत नाही, यावर सारे अवलंबून असते. आपल्या मराठीत 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' असा वाक्प्रचार आहे. ज्या कामाचा मोबदला नाही आणि आभारही नाहीत, अशा कामाला आपण तो लावतो. लष्कर जिंकले तर पोवाडा सेनापतीचा होतो. भाकऱ्या कोणी भाजल्या हे शाहीर सांगत नाही. फॉकलंडच्या रणभूमीवर आज आपण फिरणार आहोत ते या भाकऱ्या भाजणाऱ्यांच्या शोधात.

प्रथम जागा समजून घेऊ. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर आणि ब्रिटनपासून सुमारे तेरा हजार किलोमीटर अंतरावर हा द्वीपसमूह आहे. पूर्व फॉकलंड व पश्चिम फॉकलंड ही दोन मोठी बेटे आणि सातशेहून अधिक लहान बेटे. मोठी अशी झाडे नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत. वारा अखंड वाहतो. जमीन बहुतेक पीटची, म्हणजे कुजलेल्या गवताच्या काळ्या, ओलसर थराची. तीच कापून, वाळवून लोक जळण म्हणून वापरीत आले. माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पट अधिक. १९८२ साली लोकवस्ती अवघी सुमारे अठराशे होती.

या बेटांवर प्रथम १७६४ साली फ्रेंचांनी वसाहत केली. सेंट मालो गावच्या खलाशांवरून पडलेल्या फ्रेंच नावाचेच 'माल्विनास' हे स्पॅनिश रूप झाले. फ्रेंचांमागून स्पॅनिश आले. इंग्रजांनीही पश्चिमेकडे ठाणे घातले होते. पुढे स्वतंत्र झालेल्या अर्जेंटिनाने बेटांवर हक्क सांगितला आणि १८३३ साली ब्रिटिशांनी अर्जेंटिनाच्या लोकांना तेथून घालवून ताबा घेतला. तेव्हापासूनचा हा तंटा आहे. अर्जेंटिनाच्या शाळेत प्रत्येक मूल 'माल्विनास आमची' असे शिकते. उलट बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक स्वतःला ब्रिटिश म्हणवितात. २०१३ साली तेथे सार्वमत घेतले, तेव्हा ब्रिटिश राहण्याच्या बाजूने १,५१३ आणि विरुद्ध ३ मते पडली. अर्जेंटिनाला ते सार्वमत मान्य नाही. निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आम्हांला पाहावयाचे आहे ते हे, की हा दीडशे वर्षांचा तंटा १९८२ सालीच का पेटला.

त्या वेळी अर्जेंटिनात लष्करशहांचे राज्य होते. १९७६ पासून त्यांनी हजारो माणसे नाहीशी केली होती. त्यांत कामगार कार्यकर्ते फार मोठ्या संख्येने होते. महागाई आकाशाला भिडली होती, कारखाने बंद पडत होते. ३० मार्च १९८२ रोजी ब्यूनोस आयरेस शहरात कामगार महासंघाने बंदी धाब्यावर बसवून मोर्चा काढला. शांतता, भाकरी आणि काम ही त्यांची मागणी होती. पोलिसांनी तो मोर्चा झोडपून काढला आणि शेकडो माणसे तुरुंगात टाकली. मेंडोसा शहरात गोळीबार झाला आणि तेथे घायाळ झालेला एक कामगार पुढारी पुढे मरण पावला.

तीन दिवसांनी, २ एप्रिल रोजी, लष्कराने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरविले. ज्या मायो चौकात मोर्च्यावर लाठ्या चालल्या होत्या, त्याच चौकात आता लोक झेंडे घेऊन जमले आणि राष्ट्राध्यक्ष जनरल गाल्तिएरी सज्ज्यावरून त्यांना अभिवादन करू लागले. बेटे घेण्याची योजना मोर्च्याच्या आधीपासून तयार होती, हे खरे. पण मोर्च्याचा आवाज झेंड्यांच्या गर्दीत बुडाला, हेही तितकेच खरे. भाकरी मागणाऱ्यास बेट दाखविले, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू पाहा. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांचे सरकार होते. आदल्याच वर्षी त्या सरकारने आरमारात मोठी कपात जाहीर केली होती. पोर्टस्मथच्या गोदीतल्या अनेक कामगारांच्या हाती कामावरून कमी केल्याच्या नोटिसा पडल्या होत्या. आणि युद्धाचा हुकूम आला तेव्हा याच कामगारांनी रात्रीचा दिवस करून ताफा सज्ज केला. ५ एप्रिलला, म्हणजे आक्रमणानंतर तिसऱ्या दिवशी, 'हर्मिस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या नौका पोर्टस्मथहून निघाल्या. धक्क्यावर बँड वाजत होता आणि ज्यांनी ती बोट तयार केली त्यांच्या खिशात नोटिसा होत्या. चॅटमची गोदी पुढे १९८४ साली बंद झाली ती झालीच. कामगारांची गरज लागली की देश आठवतो, गरज सरली की ताळेबंद आठवतो, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही, हे यावरून दिसेल.

युद्ध एकंदर ७४ दिवस चालले. २ मे रोजी 'जनरल बेल्ग्रानो' ही अर्जेंटिनाची नौका ब्रिटिश पाणबुडीने बुडविली. ३२३ माणसे गेली. दोनच दिवसांनी 'शेफील्ड' या ब्रिटिश नौकेवर क्षेपणास्त्र येऊन आदळले. २० माणसे गेली. २१ मे रोजी ब्रिटिश सैन्य सॅन कार्लोसच्या आखातात उतरले आणि १४ जून रोजी स्टॅन्ली या राजधानीच्या गावी अर्जेंटिनाच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. अर्जेंटिनाचे ६४९, ब्रिटनचे २५५ आणि बेटांवरचे ३ रहिवासी अशी माणसे मेली. त्या तिन्ही स्त्रिया होत्या, आणि त्यांना सोडवावयास आलेल्या ब्रिटिशांच्याच तोफगोळ्यांनी त्या गेल्या.

आता आपण फेरीला निघू. दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत, मोठमोठ्या प्रवासी बोटी स्टॅन्लीच्या बंदरात येतात. स्टॅन्लीत जितके लोक राहतात जवळजवळ तितकेच प्रवासी एखाद्या दिवशी गावात उतरतात. बहुतेकांना पेंग्विन पाहावयाचे असतात. काही जण मात्र रणभूमीची फेरी घेतात. स्थानिक वाटाड्या आपल्या गाडीत चार-पाच माणसे बसवितो आणि रस्ता सोडून पीटच्या दलदलीतून हेलकावे खात डोंगराच्या पायथ्याशी जातो. पुढे पायी. हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे उंच नाहीत. दोन-तीनशे मीटर उंचीचे, माथ्यावर फाटलेल्या कातळांचे सुळके आणि उतारावर दगडांच्या नद्या वाहाव्यात तसे पसरलेले धोंडे. चार्ल्स डार्विन १८३३ आणि १८३४ साली येथे आला होता, तेव्हा या दगडांच्या ओघांनी तोही चकित झाला होता.

स्टॅन्लीच्या पश्चिमेला माऊंट लाँगडन आहे. ११ जूनच्या रात्री ब्रिटिश छत्रीधारी पलटण येथे चढली. रात्रभर कातळाच्या फटीफटींतून हातघाईची लढाई झाली. ब्रिटिशांचे २३ जण येथे गेले. त्यांतले दोघे अवघे सतरा वर्षांचे होते, आणि एकाचा त्या दिवशी अठरावा वाढदिवस होता. समोर अर्जेंटिनाची सातवी पायदळ पलटण होती. तिच्यातले बहुसंख्य शिपाई सक्तीने भरती केलेले, १९६२ साली जन्मलेले, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचे. त्यांचे सुमारे तीस गेले. कारखान्यात आम्ही कोवळ्या पोराला रात्रपाळीला लावू देत नाही. त्यासाठी कायदा आहे. तोफेच्या तोंडी देण्याला मात्र तो आड आला नाही.

वाटाडे येथे काय दाखवितात? दगडांच्या आडोशाला रचलेले खंदक. कुजलेले कॅनव्हासचे बूट, वायरींची भेंडोळी, गंजलेली तोफ. जागोजाग क्रूस आणि लहान लहान पाट्या, मृतांच्या नातेवाइकांनी आणून ठेवलेल्या. यांतली कोणतीही वस्तू उचलून नेण्यास मनाई आहे, आणि चांगला वाटाड्या ते सांगतोच. जवळच्या टंबलडाऊन डोंगराच्या परिसरात अर्जेंटिनाच्या सैन्याचा एक फिरता भटारखाना अजून पडलेला आहे. लोखंडी, चाकांचा, गंजून लाल झालेला.

श्रोते हो, आमची फेरी या भटारखान्यापाशी थोडी अधिक वेळ थांबेल. कारण या युद्धाचे एक कटू सत्य अन्नाशी निगडित आहे. डोंगरावरच्या खंदकांत अर्जेंटिनाची ही पोरे उपाशी होती. उत्तरेकडच्या उष्ण प्रांतांतून आणलेल्या पोरांना ओल्या थंडीने पाय सुजण्याचा रोग झाला होता. आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिश जेव्हा स्टॅन्लीत शिरले तेव्हा तेथे अर्जेंटिनाच्या अन्नाचे भरपूर साठे आढळले. गोदाम भरलेले आणि ताट रिकामे! भुकेपोटी मेंढी मारणाऱ्या किंवा अन्न चोरणाऱ्या शिपायांना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी उघड्यावर, थंडीत, हातपाय ताणून खुंट्यांना बांधून ठेवले. या छळाच्या तक्रारी २००७ पासून अर्जेंटिनाच्या न्यायालयांपुढे गेल्या. घरी परतताच या पोरांकडून तोंड बंद ठेवण्याच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, म्हणून बोलावयास इतकी वर्षे लागली. अशा कागदांवर सह्या करून कामावरून सुटलेली माणसे आमच्या कचेरीतही येतात. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांला त्या पोरांची कल्पना येते.

तेव्हा तो गंजलेला भटारखाना पाहताना चुलीपेक्षा भाकरीची वाट कोठे अडली हे पाहिले पाहिजे. ती डोंगर आणि गोदाम यांच्या मध्ये, हुद्द्यांच्या जिन्यावर अडली होती.

आता पश्चिमेकडे, दीड-दोन तासांच्या अंतरावर, गूस ग्रीन या वस्तीकडे जाऊ. मेंढ्यांची लोकर कातरण्याची मोठी शेड, थोडी घरे आणि एक समाजमंदिर. युद्धात या समाजमंदिरात ११४ रहिवाशांना, मुलाबाळांसह, जवळजवळ महिनाभर कोंडून ठेवले होते. २८ मे रोजी येथे मोठी लढाई झाली. ब्रिटिश पलटणीचे प्रमुख कर्नल जोन्स तीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते ज्या जागी पडले तेथे दगड बसविला आहे आणि प्रत्येक फेरी तेथे थांबते. थांबावेच. पण त्या वस्तीचा एक दुसराही इतिहास आहे. युद्धापूर्वी बेटांवरच्या पुष्कळ जमिनी मोठ्या कंपन्यांच्या होत्या, त्यांचे मालक सातासमुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये राहत आणि लोकर कातरणारा कामगार कंपनीच्याच घरात राहून कंपनीच्याच दुकानात खरेदी करी. लॉर्ड शॅकल्टन यांच्या समितीने १९७६ साली आणि पुन्हा युद्धानंतर १९८२ साली ही स्थिती सुधारण्याच्या शिफारशी केल्या. पहिला अहवाल बहुतांशी फडताळात पडून राहिला. युद्धानंतर मात्र जमिनींची वाटणी होऊन मेंढपाळ मालक झाले. १९८७ पासून समुद्रातल्या मासेमारीच्या परवान्यांचे उत्पन्न बेटांना मिळू लागले. अहवालाने जे झाले नाही ते नऊशे माणसे मेल्यावर झाले.

गूस ग्रीनच्या जवळच डार्विन येथे अर्जेंटिनाच्या सैनिकांचे दफनस्थान आहे. पांढऱ्या क्रूसांच्या रांगा, २३७ थडगी, भोवती वाऱ्याचा आवाज. युद्धानंतर प्रेते डोंगरांवर इतस्ततः पुरलेली होती. जेफ्री कार्डोझो नावाच्या एका तरुण ब्रिटिश कॅप्टनने १९८३ च्या आरंभी ती गोळा करून येथे पुरली. अनेकांच्या अंगावर ओळख पटविणारी कोणतीही खूण नव्हती. अशा एकशे वीसहून अधिक थडग्यांवर 'केवळ ईश्वराला ठाऊक असलेला अर्जेंटाइन सैनिक' अशी अक्षरे कोरली गेली. कार्डोझो यांनी मात्र प्रत्येक प्रेताची, ते कोठे सापडले, जवळ काय होते, याची बारीक नोंद ठेवली. शत्रूच्या मेलेल्या शिपायाचा हजेरीपट इतक्या निगुतीने ठेवणारा माणूस विरळा.

पुढे २००८ साली हुलिओ आरो हा या युद्धातला एक अर्जेंटाइन शिपाई डार्विनला आला. आपल्या सोबत्यांची नावे त्याला क्रूसांवर दिसली नाहीत. पुढे लंडनमध्ये त्याची कार्डोझो यांच्याशी गाठ पडली आणि त्यांनी ती नोंदवही त्याच्या हवाली केली. मृतांच्या आया तोपर्यंत म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या आणि आरोच्या पाठपुराव्याने दोन्ही सरकारे तयार झाली आणि २०१७ साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने ती थडगी उघडली. ओळख पटविण्याच्या कामात अर्जेंटिनातले न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांचे पथक होते. हे पथक १९८४ साली स्थापन झाले ते लष्करशहांनी नाहीशा केलेल्या माणसांच्या अस्थी ओळखण्यासाठी. म्हणजे ज्या राजवटीने कामगार पुढारी नाहीसे केले, तिनेच युद्धावर धाडलेली पोरे निनावी राहिली होती. आणि दोघांनाही नाव परत देणारे हात तेच होते. मार्च २०१८ मध्ये नातेवाईक आले, तेव्हा अनेक क्रूसांवर 'ईश्वराला ठाऊक' याच्या जागी मुलाचे नाव होते. आजवर एकशे दहाहून अधिक जणांची ओळख पटली आहे.

त्याच दफनस्थानात एक भिंत आहे. तिच्यावर सर्व ६४९ मृतांची नावे कोरलेली आहेत, आणि कोणाच्याही नावापुढे हुद्दा नाही. आम्ही आयुष्यभर हजेरीपटांवर भांडलो; मुकादमाचे नाव वर, कायम कामगारांचे खाली आणि कंत्राटी माणसाचे नावच नाही, असे हजेरीपट पाहिले. हुद्दा नसलेल्या या यादीबद्दल वाचले तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागले.

हुद्द्याचा विषय निघाला म्हणून समुद्राकडे वळू. फेरीत सॅन कार्लोसचे आखात दाखवितात. तेथे ब्रिटिशांचे लहान दफनस्थान आहे, १४ थडग्यांचे. फिट्झरॉयला दाखवितात ती जागा, जेथे ८ जूनला 'सर गॅलहॅड' या बोटीवर बाँब पडून ४८ माणसे गेली. ब्रिटिश मृतांच्या २५५ च्या आकड्यात आठ नावे हाँगकाँगच्या चिनी माणसांची आहेत. हे कोण? बोटींवरचे खलाशी आणि धोबी. ब्रिटिश लढाऊ जहाजांवर कपडे धुण्याचे काम अशा चिनी माणसांकडे कंत्राटाने असे. आणि गंमत पाहा, ब्रिटिश खलाशाच्या बोलीत कपडे धुण्याला शब्द आहे तो आपलाच, 'धोबी'. हिंदुस्थानातून गेलेला. 'शेफील्ड'वर एक धोबी मेला. 'कॉव्हेंट्री' ही नौका २५ मे रोजी बुडाली तिच्यावर दुसरा मेला. लढाईशी त्यांचा संबंध एवढाच, की लढणाऱ्यांना स्वच्छ सदरे लागतात.

त्याच दिवशी 'अटलांटिक कन्व्हेयर' ही भाड्याने घेतलेली मालवाहू बोट क्षेपणास्त्राने पेटली. कप्तानासह १२ जण गेले. तिच्या पोटात सैन्याची मोठी हेलिकॉप्टरे आणि तंबू होते. ती गेल्यामुळे सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन बेट आडवे चालत ओलांडावे लागले. ती चाल युद्धाच्या इतिहासात गाजली. मालवाहू बोटीवरच्या माणसांचे काम किती मोलाचे होते, हे ती बोट नसताना कळले. रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटींवर गेली, त्या घरांना हे सांगावयास नको. आगीच्या वेळी इंजिनखोलीतला माणूस आणि भंडारी हे पाण्याच्या पातळीच्या खाली असतात.

फेरीचा शेवटचा टप्पा समुद्रकिनाऱ्याचा. स्टॅन्लीजवळ पांढऱ्या वाळूचे सुंदर किनारे आहेत. पण १९८२ पासून जवळजवळ चाळीस वर्षे तेथे कुंपण होते. अर्जेंटिनाच्या सैन्याने तेथे हजारो भूसुरुंग पेरले होते. पेंग्विन वजनाला हलके, म्हणून ते मजेत हिंडत, माणसाला मज्जाव. २००९ पासून हे सुरुंग काढण्याचे काम सुरू झाले आणि १४ नोव्हेंबर २०२० रोजी बेटे सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी लोक त्या वाळूवर मोकळेपणाने धावले. हे काम केले कोणी? प्रामुख्याने आफ्रिकेतल्या झिंबाब्वेच्या कामगारांनी. त्यांच्या स्वतःच्या देशाच्या सीमा १९७० च्या दशकातल्या युद्धातल्या सुरुंगांनी भरलेल्या आहेत. तेथूनच ही विद्या त्यांच्याकडे आली. ओल्या पीटवर गुडघे टेकून, वाऱ्यात, हातभर हातभर जमीन तपासत त्यांनी अकरा वर्षे काढली. ना त्यांचे हे युद्ध, ना त्यांची ही जमीन. काही जण तेथेच कुटुंबासह स्थायिक झाले, हे वाचून आम्हांला समाधान वाटले. लढाई ७४ दिवसांची आणि तिचा केर काढावयास ३८ वर्षे, हा हिशेब कोणत्याही युद्धज्वर चढलेल्या माणसाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. माणसे जेथे मेली त्या जागा पैसे घेऊन दाखवाव्यात काय? दुपारपर्यंत पेंग्विन आणि दुपारनंतर खंदक, ही मृतांची विटंबना नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ज्याला केवळ गंजलेल्या तोफेशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे आहे, त्याच्यासाठी तोफ काय नि उंट काय, सारखेच. तथापि आमचे मत असे, की न दाखविण्याने विटंबना टळत नाही. ज्या जागा कोणी दाखवीत नाही त्या विसरल्या जातात, आणि विसरलेल्या युद्धावर पुढची युद्धे सहज उभी राहतात. शिवाय वाटाड्याही पोटासाठीच काम करतो, त्याची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. या फेऱ्यांत प्रवाशांखेरीज परतून येणारे जुने सैनिकही असतात. स्टॅन्लीत ब्रिटिश सैनिकांसाठी निवासगृह बांधले आहे. १९९९ च्या करारानंतर अर्जेंटिनाचे माजी शिपाईही येऊ लागले. ज्या खंदकात एकोणिसाव्या वर्षी भुकेने रात्र काढली, तो खंदक साठीला टेकलेला माणूस शोधीत हिंडतो, आणि त्याला वाट दाखवितो तो बेटावरचा, एके काळचा 'शत्रू'. हे एवढे जरी या फेऱ्यांनी साधले तरी त्या सार्थ आहेत.

युद्धाने कोणाचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. पराभवानंतर गाल्तिएरी गेले. १९८३ च्या अखेरीस अर्जेंटिनात लोकनियुक्त सरकार आले आणि लष्करशहांवर खटले चालले. पण ते स्वातंत्र्य ज्या पोरांच्या मरणाने जवळ आले, त्यांच्याकडे पुष्कळ काळ कोणी पाहावयास तयार नव्हते. ब्रिटनमध्ये विजयानंतरच्या १९८३ च्या निवडणुकीत थॅचरबाईंना प्रचंड बहुमत मिळाले. पुढच्याच वर्षी खाणकामगारांचा संप झाला, तेव्हा त्यांनी त्या संपाचे नाते फॉकलंडशी जोडले; तेथे बाहेरच्या शत्रूशी लढलो, आता आतल्या शत्रूशी लढावयाचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दोन वर्षांपूर्वी ज्या कामगार घरांतून पोरे लढावयास गेली, तशाच घरांतले बाप आता शत्रू ठरले. ब्यूनोस आयरेसमध्ये मोर्च्यानंतर बेट आले, लंडनमध्ये बेटानंतर संप मोडला गेला. क्रम उलटा, पण भाकरी मागणाऱ्याच्या वाट्याला आलेले उत्तर एकच.

आता पुन्हा आपल्या बोटीकडे येऊ. 'विराट' ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचे संग्रहालय करण्यास महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजुरी दिली होती. ते घडले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिला ओढून गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर नेले आणि तेथे ती तोडली गेली. पोर्टस्मथला नोटिसा खिशात असलेल्या कामगारांनी जिला सजविले, तिला अलंगच्या रोजंदारीवरच्या कामगारांनी गॅसच्या ज्योतीने कापले. मधल्या काळात आमच्या त्या म्हाताऱ्याने तिचा गंज काढला. या तिघांपैकी कोणाचेही नाव तिच्या इतिहासात नाही.

म्हणून, श्रोते हो, एकच विनंती. आपण सुट्टीत किल्ल्यावर जाल, एखादी रणभूमी पाहाल, तेव्हा वाटाड्याचे सेनापतीविषयीचे सारे बोलणे मन लावून ऐका, आणि ते संपले की त्याला विचारा : येथे स्वयंपाक कोण करीत होते? ओझी कोणी वाहिली? आणि लढाई संपल्यावर ही जागा कोणी साफ केली? त्याला उत्तर माहीत नसेल तर रागावू नका. त्यालाही कोणी सांगितलेले नाही. पण दहा प्रवाशांनी विचारले तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची नावे हजेरीपटावर येण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हांला ठाऊक नाही.